मंडळीत आपलेपणा कधी वाटेल? नव्यानं आलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवडमधल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्यानं येणाऱ्या कुटुंबांना भेटायचं काम मी काही वर्षं करते आहे. कुणी राहुरीहून आलेलं असतं, कुणी जालन्याहून, कुणी अकोल्याहून. नोकरी किंवा लग्नामुळे, नाहीतर मुलांच्या शिक्षणासाठी ही माणसं इथं येतात. खालचे प्रश्न त्यांनीच विचारलेले आहेत, तेही बहुतेक वेळा फाटकाशी, गाडीची चावी हातात घेऊन. आत बाकावर बसून असं विचारायला संकोच वाटतो. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. तुमची मंडळी वेगळी असेल तर त्यातलं लागू पडेल तेवढं घ्या.

दोन वर्षं झाली, दर रविवारी जाते. तरी पाहुणीसारखंच वाटतं. माझंच काही चुकतंय का?

नाही. मला स्वतःला दीड वर्ष असंच वाटत होतं.

माझं माहेर संगमनेर तालुक्यातलं. आमच्या गावची मंडळी म्हणजे एकच खोली होती. आठवडाभर तिथं शाळा भरायची आणि रविवारी उपासना. उपासनेला येणारा प्रत्येक माणूस माझा काका नाहीतर आत्या, त्यामुळे तिथं कुणाला ओळख करून द्यायची वेळच आली नाही. लग्नानंतर चिंचवडला आले तर इथं लांबच लांब बाक, माइक, आणि दारात पाळकसाहेब हात मिळवून सांगणार, "या हं पुढच्या रविवारी." मी डाव्या बाजूला शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे आणि आशीर्वाद झाला की निघायचे. कुणी विचारलं, "काही लागलं तर सांगा," की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "नाही हो, सगळं ठीक आहे."

मग नवऱ्याला डेंग्यू झाला. त्याला दवाखान्यात ठेवलं आणि घरी आठ महिन्यांची मुलगी. मी मंडळीत कुणालाच कळवलं नाही. महिला मंडळातल्या एक मावशी आमच्या मागच्या बाकावर बसायच्या. दोन रविवार आमची जागा रिकामी दिसली म्हणून त्यांनी चौकशी केली, पत्ता काढला आणि डब्यात पिठलं-भाकरी घेऊन दारात आल्या. मोरीत मुलीच्या लंगोटांचा ढीग पडला होता, तो त्यांना दिसला. मी तीनदा "नको" म्हटलं, तोवर त्यांनी पदर खोचलाही होता. त्या धूत बसल्या आणि मी दारात उभी राहून रडले. तेव्हापासून त्या मला रागावतात, मीही त्यांना रागावते, आणि मंडळी माझी झाली.

या पानावर मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. दुसऱ्यासाठी धावून जायला आपण लवकर शिकतो, लहानपणापासून तेच वचन ऐकलेलं असतं. दुसऱ्याला आपल्या मोरीपर्यंत येऊ द्यायला मात्र फार वेळ लावतो, आणि आपलेपणा बहुतेकदा तिथंच अडकून पडतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी "काही लागतं का?" विचारलं, तर खरोखर लागत असलेली एक छोटी गोष्ट सांगा. स्टेशनपर्यंत सोडाल का, एवढं विचारलं तरी पुरे.

नव्या शहरात कुठल्या मंडळीत जावं? पाट्या इतक्या वेगवेगळ्या असतात की गोंधळ होतो.

गोंधळ होणारच, कारण महाराष्ट्रात वेगवेगळ्या मिशनांनी वेगवेगळे भाग वाटून घेतले होते. नगर भागात अमेरिकन मराठी मिशन होतं, अकोला-अमरावतीकडे अलायन्स, वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन. शिवाय मेथडिस्ट आणि मुक्ती फौज. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपलं सी.एन.आय., उभं राहिलं. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोकही होते. म्हणून आजही एका सी.एन.आय. मंडळीत छापील उपासनापद्धतीनं गुडघे टेकून प्रार्थना होते, तर दुसरीत पाळक मनानं प्रार्थना करतात. पाटी एकच असली तरी आतली पद्धत वेगळी असू शकते.

माझा सल्ला असा. आधी गावच्या पाळकांना विचारा, शहरात ओळखीचं कुणी आहे का. मग दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा, पण वर्षभर फिरत राहू नका. गाणी आवडणं किंवा संदेश चांगला असणं महत्त्वाचं आहेच. मी मात्र अंतराला जास्त किंमत देते. दोन बस बदलून जावं लागणारी मंडळी कितीही चांगली असली, तरी बुधवारच्या प्रार्थनासभेला तुम्ही तिथं पोचणार नाही, आणि तुम्ही आजारी पडलात तर डबा घेऊन येणाऱ्यालाही तेवढंच लांब पडेल.

उपासनेत कधी उठायचं, कधी बसायचं ते कळत नाही. लाज वाटते.

शेजारच्या आजींकडे बघा, त्या उठल्या की उठा. तीन-चार रविवारांत अंगवळणी पडतं. गीताचा क्रमांक ऐकू आला नाही तर बिनधास्त विचारा. पुस्तक पुढे सरकवण्यातून कितीतरी ओळखी झालेल्या मी पाहिल्या आहेत.

उपासना संपल्यावर सगळे आपापल्या घोळक्यात उभे राहतात. मी कुठे उभी राहू?

चहाच्या टेबलाच्या मागे. समोर नाही, मागे.

समोर उभं राहिलं की आपण चहा संपायची वाट बघतो. मागे उभं राहून कप भरून दिले, तर अर्ध्या तासात पन्नास माणसं आपल्याशी दोन-दोन शब्द बोलून जातात, "साखर कमी आहे का?" एवढे का होईना. आमच्याकडे नवीन जोडपं आलं की मी त्यांना तिथंच उभं करते.

पुण्याच्या माणसाला चहाचं मोल वेगळं सांगायला नको. १८९० साली इथल्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, सभेनंतर चहा-बिस्किटं दिली गेली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसं त्या सभेला होती. पुढे त्यावरून पुण्यात एवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं की प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. कुणाच्या हातचा चहा प्यायचा हा प्रश्न या शहरात इतका मोठा होता. आज आपण रविवारी कुणाच्याही हातचा कप सहज घेतो, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

सगळे पहिला प्रश्न विचारतात, "तुम्ही कुठले?" मला तो आवडत नाही.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत.

एक बाजू प्रेमाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर आणि आसपासच्या भागात एकेका गावातली कुटुंबंच्या कुटुंबं ख्रिस्ती झाली. सोयरिकी त्याच गावांमध्ये होत राहिल्या. त्यामुळे "कुठले?" विचारणारा बहुतेक वेळा मनात धागा जुळवत असतो, की याची आत्या आमच्या वहिनीच्या गावची तर नाही? नातं निघालं की त्याचा चेहरा खुलतो.

दुसरी बाजू जातीची. आपल्या बहुसंख्य मराठी प्रोटेस्टंट कुटुंबांचे पूर्वज महार आणि मांग समाजातले. काही घराणी ब्राह्मण किंवा मराठा समाजातूनही आली. प्रभूभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या, मेजाशी सगळे एका रांगेत गुडघे टेकतात, पण लग्न जमवताना कुजबुज होते. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीतही होते. ती होत नाही असं मी तुम्हाला सांगितलं तर ते खोटं ठरेल. त्यात सरकारी कागदावरचा एक सलही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीत धरलं जात नाही. बाहेर समाज जात विसरत नाही आणि कागदावर ती मान्य होत नाही, अशी ही कोंडी अनेकांच्या घरात आहे, पण मंडळीत त्याबद्दल मोकळेपणानं बोललं जात नाही.

प्रश्न प्रेमाचा वाटला तर गावाचं नाव सांगा. हेतू वेगळा वाटला तर "आता इथलीच" एवढं उत्तर पुरतं. आणि तुम्हाला कुणी जातीवरून बाजूला ठेवलं, तर ते गिळून बसू नका. पाळकांशी बोला. त्यांनी टाळलं तर कमिटीला लेखी द्या. मंडळीत राहण्यासाठी अपमान सोसावा लागतो, ही समजूत आपण मोडायलाच हवी.

मुलांना मराठी नीट येत नाही. इंग्रजी उपासनेला जावं का?

मुलांना जिथं देवाचं वचन कळेल तिथं जा, यात दुमत नाही. पण मराठी उपासना सोडण्याआधी थोडं थांबा, अशी माझी विनंती आहे.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. तोवर ते कवी म्हणून नावारूपाला आलेले होते. ख्रिस्ताची भक्ती आपल्या मातीच्या चालीत व्हावी हा त्यांचा ध्यास होता. अभंग, ओवी, भजन यांतून त्यांनी इतकी गीतं दिली की आजही मराठी उपासनेत त्यांचं गीत नाही असा रविवार सहसा जात नाही. तबला-पेटीवर ते गीत सुरू झालं, की माझ्यासारखीला गावची खोली आठवते. मुलांना आज अर्थ कळला नाही तरी चाल कानात राहते. माझी मुलगी इंग्रजी शाळेत शिकली. पुण्यात तिला कुणी भेटलं की "हाय" म्हणते, पण आजीच्या गावी गेली की आपल्या मराठी ख्रिस्ती रीतीनं बरोबर "सलाम, आजी" म्हणते. हे तिला मंडळीतच मिळालं.

महिन्यातून एक रविवार इंग्रजी आणि बाकीचे मराठी, अशी वाटणी बरीच घरं करतात. ते चांगलं चालतं.

गावच्या मंडळीतून पत्र आणावं लागतं का?

सभासद व्हायचं असेल तर आणा. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (पुढे स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) कधी झालं याची नोंद त्यात असते. पत्र नसलं म्हणून उपासनेला कुणी अडवत नाही. मात्र लग्न, मुलाचा बाप्तिस्मा किंवा दफनविधीच्या वेळी नोंद नसली तर धावपळ होते, आणि दुःखाच्या दिवशी कागद शोधायची वेळ कुणावर येऊ नये. बदली होताच पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे काम उरकून टाका. शिवाय वहीत नाव लागलं की मतदानाचा हक्क मिळतो, आणि सभेत बोलायला धीर येतो.

काम करायची इच्छा आहे, पण सगळी कामं ठराविक लोकांकडेच असतात.

खरं आहे. गायन मंडळ, संडे स्कूल, महिला मंडळ, तरुण संघ सगळीकडे वर्षानुवर्षांची माणसं असतात आणि त्यांनी ते जीव लावून सांभाळलेलं असतं. तिथं एकदम "मी करते" म्हटलं तर त्यांना धास्ती वाटते. ज्या कामांकडे कुणाचं लक्ष नसतं तिथून सुरुवात करा. पंखे बंद करणं, गीतपुस्तकं गोळा करून रचणं, वृद्धांना रिक्षापर्यंत नेणं, असलं काहीही. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आदल्या दिवशी झावळ्या सोलायला हात नेहमी कमी पडतात. नाताळच्या घरोघरच्या गाण्याच्या फेरीत पेट्रोमॅक्स गेला, पण स्पीकर उचलणारा माणूस अजून लागतोच.

हे काम करताना कुणी "अहो, राहू द्या" म्हटलं तर थांबू नका. आणि कुणी आपलं काम तुमच्याकडे सोपवायला लागलं, तर त्यांचं मनापासून कौतुक करा. त्यांना ते सोपं गेलेलं नसतं.

माझा नवरा ख्रिस्ती आहे, मी नाही. त्याच्याबरोबर आले तर चालेल का? मला बाप्तिस्म्याचा आग्रह होईल का?

चालेल, नक्की या. गाणी गा, प्रार्थना करा, चहा घ्या. प्रभूभोजन मात्र बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. त्या वेळी बाकावर शांत बसून राहिलं तरी कुणी वाईट मानत नाही.

आग्रह करणारं एखादं माणूस भेटेलच. त्यांना नम्रपणे सांगा की माझा वेळ मला घेऊ द्या. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं उदाहरण मी अशा प्रत्येक बहिणीला सांगते. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही सोवळं-ओवळं एका दिवसात सुटलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी झाला, तोही त्यांच्या स्वतःच्या मनानं. त्या काळात कुणी घाई केली असती तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तुमच्यावर दबाव आला तर पाळकांना सांगा. विश्वास जबरदस्तीनं येत नाही, आणि आणूही नये.

मी एकटी राहते, वय चाळीस. तरुण संघात बसत नाही, महिला मंडळात सगळ्या संसाराचं बोलतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, कारण आपल्या मंडळ्या कुटुंब धरूनच बांधलेल्या आहेत. पत्रिकेवर "सहकुटुंब" लिहितो, पण एकट्या माणसाचा विचार त्यात नसतो. माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. एवढं सांगू शकते की घरगुती प्रार्थनासभेत ही अडचण कमी होते. दहा-बारा माणसं कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजीवर बसतात आणि तिथं वयाचे गट नसतात. आणि एकदा ती सभा तुमच्या घरी ठेवा. खोली लहान आहे, खुर्च्या नाहीत, याची काळजी करू नका. तुमच्या हातचे पोहे खाल्लेली माणसं पुढच्या रविवारी तुम्हाला नावानं हाक मारतात.

आम्ही कॅथलिक आहोत, वसईला राहायला आलोय. तिथंही असंच असतं का?

मी कॅथलिक नाही. पण माझी मावसबहीण तिकडे दिली आहे, त्यामुळे थोडं सांगते. वसईचा धर्मप्रांत १९९८ साली झाला आणि तिथं मराठीत मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, होते. मराठीचं प्रेम तिथं किती खोल आहे हे जानेवारी २०२० मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं, कारण धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. नवीन माणसाला अडचण येते ती गावकीची. सामवेदी, वाडवळ अशी बोली आणि रीत धरून असलेली जुनी घरं आणि इमारतींत नव्यानं आलेले लोक, यांच्यात अंतर असतं. बहीण सांगते की धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) वाडीनुसार किंवा इमारतीनुसार केलेल्या लहान समूहात नाव द्यावं. मिस्सेला हजार माणसं असतात, समूहात वीस घरं. तिची पहिली मैत्रीण तिला तिथंच मिळाली.

अर्पण कमी टाकलं तर लोक बघतात का?

पिशवी फिरते तेव्हा कुणी बघत नाही. पाकिटावर नाव लिहायची पद्धत असेल आणि संकोच वाटत असेल, तर खजिनदारांशी एकांतात बोला. तंगीच्या महिन्यात मंडळीपासून दूर राहणारी घरं मला माहीत आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. त्याच महिन्यात तर यायला हवं.

मंडळीत दोन गट आहेत. कुणाच्या बाजूला उभं राहावं?

पहिली दोन वर्षं कुणाच्याच नाही. बहुतेक भांडणं मिशनच्या जागेवरून, पाळकांच्या बदलीवरून किंवा निवडणुकीवरून असतात आणि त्यांची मुळं तुमच्या येण्याआधीची असतात. दोन्हीकडच्या आजारी माणसांना भेटायला जा.

मंडळी सोडणं कधी योग्य?

कंटाळा आला, संदेश लांबला किंवा कुणी टाकून बोललं, एवढ्यासाठी सोडू नका. बोला, भांडा, पण थांबा.

पण काही गोष्टी दिसल्या तर एक रविवारही थांबू नका. दवाखान्याचं औषध बंद करा, नुसती प्रार्थना पुरे, असं सांगितलं जात असेल. पाळकाचा शब्द हाच देवाचा शब्द मानायला लावत असतील. घरच्यांशी संबंध तोडायला सांगत असतील. पैशाचा हिशेब विचारला की शाप मिळेल म्हणत असतील. लहान मुलांशी किंवा बायकांशी कुणाचं वागणं चुकीचं असेल आणि बाकीचे "मंडळीचं नाव जाईल" म्हणून गप्प बसवत असतील. अशा वेळी मंडळीचं नाव राखणं तुमच्या अंगावर नाही. बाहेर पडा, आणि गुन्हा असेल तर पोलिसांत जा. अशा जागेतून पोळून आलेल्या दोन कुटुंबांना मी ओळखते. त्यांना पुन्हा बाकावर बसायला तीन वर्षं लागली. त्यांना कुणी "विश्वास कमी आहे" म्हणू नये.

घरी बसून मोबाइलवर उपासना बघितली तर?

२०२० च्या टाळेबंदीत त्यानंच आपल्याला तगवलं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आजही ती मोठी सोय आहे. पण पडद्यावर तुमची रिकामी जागा कुणाला दिसत नाही. माझ्या घरी डबा आला तो रिकाम्या जागेमुळे.

आम्ही जुने सभासद. नवीन लोक येतात आणि जातात. आम्ही काय करावं?

दारात स्वागत आपण छान करतो. तिसऱ्या रविवारी मात्र विसरतो. नाव लिहून ठेवा. दोन रविवार कुणी दिसलं नाही तर फोन करा, आणि "का आला नाहीत?" असं न विचारता "बरे आहात ना?" असं विचारा. "एकदा घरी या" म्हणू नका, वार आणि वेळ सांगा. आणि त्यांच्याकडेही काहीतरी मागा. आपण सतत देतच राहिलो तर ते पाहुणेच राहतात.

कापणीच्या सणाला पहिल्यांदाच येतोय. आमचं शेत नाही. काय आणावं?

जे असेल ते. गावी लोक बाजरीची पोती, कोंबड्या, उसाची मोळी आणायचे. इथं कुणी तांदळाची पिशवी आणतं, कुणी केक, कुणी कुंडीतली मेथी. उपासनेनंतर लिलाव होतो आणि तोच खरा मजेचा भाग असतो. वीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, परत अर्पण होतो आणि पुन्हा विकला जातो. पुढच्या बाकावर बसा, कारण मागं आवाज पोचत नाही. तुम्ही आणलेल्या वस्तूची बोली सुरू झाली की कुणीतरी ओरडून विचारेल, "हे कुणी आणलंय?" तेव्हा हात वर करा.